सत्तावीस ठोके

४ फेब्रुवारी

दादा,

आणि दुसरं म्हणजे, "घण सोडण्यापलीकडे याला काय येतं?" हे तू ताईच्या अंगणात सगळ्यांसमोर म्हणालास, त्याला वर्ष झालं म्हणून ते जुनं होत नाही. भाऊजी हसले. तुझी टोळी हसली. मीसुद्धा हसलो, कारण हातात चहाचा कप होता आणि दुसरं काय करावं ते सुचलं नाही. तेव्हापासून मी फोन केला की तू उचलत नाहीस. आता तर माझा नंबरच बंद करून टाकलायस. वहिनींना केला तर त्या म्हणतात, "ते बाहेर गेलेत," आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र. खोकल्याला औषध घे.

मला एक पान लिहायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. चौथीतून उठलेला माणूस मी, एकेक अक्षर विहिरीतून शेंदून काढतो. तेव्हा वाचल्याशिवाय फाडू नकोस. वाचून फाड.

मी इथे बरा आहे. सकाळी बोअर घ्यायच्या मशीनवर असतो, दुपारनंतर मातीच्या गोदामात. गोदाम म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड. चाळीस गावांच्या पोटातली माती इथे लाकडी पेट्यांत भरून, नंबर टाकून मांडली आहे. आपल्या गावाची रांग अगदी शेवटी, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे. आपल्या टोळीने काढलेल्या चौतीस बोअरच्या चौतीस पेट्या. पहिल्या दिवशी पाहिल्या तेव्हा छाती फुगली होती. गोदाम सांभाळणाऱ्या काकांना म्हणालो, "हे सगळे ठोके मी मोजलेत." ते म्हणाले, "मग आता पेट्याही मोज, गेल्या महिन्यात दोन कमी भरल्या होत्या."

मुद्द्यावर येतो. २९ जानेवारीला सकाळी पावणेअकराला तिकडे हादरा बसला. वहिनी म्हणाल्या, फळीवरचे डबे वाजले, बाकी काही नाही. लहानसाच होता. पण इथल्या ऑफिसने आपल्या गावात बारा ठिकाणी हादरे टिपणारी यंत्रं ठेवली आहेत, हे तुला माहीत असेल. एक ताईच्या जिन्याखाली आहे. भाची त्याला कासव म्हणते. बारापैकी अकरांनी नकाशात होतं तसंच टिपलं. ताईच्या कासवाने शाळेतल्या यंत्राच्या चौपट हादरा दाखवला.

नकाशावाल्या बाईंनी मला बोलावलं. त्याच बाई, ज्यांनी मला इथे आणलं. टेबलावर आपल्या गावाचा रंगीत नकाशा पसरलेला. हिरवं म्हणजे जमीन पक्की, पिवळं म्हणजे बेताची, लाल म्हणजे मोठा भूकंप आला तर तिथली जमीन बादलीतल्या पाण्यासारखी डचमळणार. ताईची तळ्याची गल्ली हिरवीगार.

बाई म्हणाल्या, "मोठा भूकंप कधी येईल ते मला सांगता येत नाही. कोणालाच येत नाही. कुठे जास्त हलेल, तेवढंच सांगता येतं. त्यावरून नगरपालिका ठरवते, कुठे किती मजले चढवायचे, दवाखाना कुठे बांधायचा, लोकांनी पळून कुठे जमायचं. जुन्या नकाशात तुमच्या या गल्लीत तळं होतं, म्हणून मी मुद्दाम एकोणीस नंबरचा बोअर तिथे सांगितला. आणि निघाले काय, तर सत्तावीस ठोके. बुजवलेल्या तळ्यात सत्तावीस? गाळात तर तीन-चार ठोक्यांतच नळी आत जायला हवी."

मी नकाशावर ताईचं घर शोधत होतो.

त्यांनी कागद पुढे केला. "ही सही तुमची ना?"

"हो."

"मोजले तुम्हीच?"

"हो."

"मग यंत्राला काय झालं असेल?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, भाची आहे माझी. दिवसभर जिन्यात उड्या मारत असते."

बाई हसल्या. त्यांनी वहीत लिहिलं, यंत्राची जागा चुकली, जिन्यात लहान मूल. बाहेर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

तुझं नाव राखलं, दादा. ज्याला घण सोडण्यापलीकडे काही येत नाही, त्याने राखलं. बदल्यात एकच सांग. एकोणीस नंबरच्या दिवशी मला घण ओढायचा वायररोप आणायला का पाठवलं होतंस?


२० फेब्रुवारी

दादा,

सोळा दिवस झाले. टपालाला चार लागतात. तू वाचलंस, हे मला कळतं.

परवा भाचीचा फोन आला, ताईच्या नकळत. म्हणाली, "मामा, आमचं कासव नेलं. जीपमधून दोघं आले आणि घेऊन गेले. म्हणाले, तू उड्या मारतेस ना, म्हणून." मी म्हटलं, "बरं झालं, जिना मोकळा झाला." तर ती म्हणते, "पण मी उड्या नाही मारल्या. मी शाळेत होते. मंगळवार होता ना, मामा." आता आठ वर्षांच्या पोरीला वार कळतो आणि तिच्या मामाला कळला नाही. रेंज गेली म्हणून सांगून फोन ठेवून दिला.

तिथून सरळ गोदामात गेलो. काका म्हणाले, "आज तुझी पाळी नाही." मी म्हटलं, "आमच्या गावच्या पेट्यांवर धूळ बसलीय." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि किल्ली दिली.

एकोणीस नंबरची पेटी काढली. झाकणावर तुझं अक्षर. आत ओळीने मातीचे गट्टू, कागदात गुंडाळून मेण लावलेले. पहिलाच सोडला, दीड मीटर खोलीचा. तुला माहीत आहे तळ्याची माती कशी असते. बाबा सांगायचे ना, ते लहानपणी तिथे पोहायचे आणि पायाला गाळ चिकटायचा तो दोन दिवस सुटायचा नाही. काळा, लोण्यासारखा. या पेटीत काय होतं? तांबडी, कडक, रेताड माती. आणि मातीत रुतलेला पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा. नखाएवढा, करड्या रंगाचा.

तुकडा दाराशी उजेडात नेऊन पाहिला.

अठरा नंबर आठवतो तुला? शाळेच्या मागच्या भिंतीशी. जुन्या काळी शाळेने फुटक्या पाट्या, पेन्सिली सगळं तिथे पुरलं होतं. नळी वर आली आणि मातीतून पाटीचे तुकडे पडले, तेव्हा तू अख्ख्या टोळीला ओरडून सांगितलंस, "बघा रे, शाळा सोडून पळालेल्याला शेवटी पाटी सापडली!" सगळे पोट धरून हसले. मीपण हसलो. ते हसणं खरं होतं. तुझी मस्करी मला आवडायची.

तर आता सांग, तळ्यात पाटीची पेन्सिल कुठून आली? बाबा पोहायला जाताना दप्तर घेऊन जायचे का?

मग अठराची पेटी काढली आणि दोन्हींचे कागद शेजारी शेजारी धरले. मला वाचायला वेळ लागतो, आकडे मात्र मला कोणी शिकवायला नको. अठराचे ठोके सव्वीस, एकतीस, एक्केचाळीस. एकोणीसचे सत्तावीस, एकतीस, चाळीस. जुळी भावंडं! तू मशीन शाळेच्या आवारातून हलवलंच नाहीस. चार पावलं बाजूला उभं केलंस, तिथेच दुसरा बोअर मारलास आणि त्यावर तळ्याच्या गल्लीचा नंबर चिकटवलास.

आणि संध्याकाळी मी वायररोप घेऊन आलो, तेव्हा तू कागद पुढे केलास. म्हणालास, "आटपलं बघ. दगड आहे खाली दगड. कर सही, मोजणारा तूच ना आपला." मी केली. पेन तुझंच होतं.

पेन्सिलीचा तुकडा होता तिथे परत ठेवला. तुला पाकिटातून पाठवावा असं फार वाटलं होतं.

आळस होता, का आणखी काही? एवढं तरी कळव.


३ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. "काम झालं, विषय संपला. कागदावर सही तुझी आहे, माझी नाही. उकरायला जाशील तर आधी तूच आत जाशील. ताईला एक शब्द बोललास तर या घराचा उंबरा तुला बंद." खाली नावही नाही. मला वाटलं होतं तू चिडशील, शिव्या देशील, माझी आय काढता काढता ती आपल्या दोघांची एकच आहे हे आठवून थांबशील. पण हे तू थंड डोक्याने लिहिलंयस. सही माझी आहे, हे तुला तीन वर्षांपूर्वीच माहीत होतं. म्हणूनच तर ती माझी आहे.

तुला सहा नंबरचा बोअर आठवतो का? माझा दुसराच दिवस होता. साडेत्रेसष्ट किलोचा घण अडीच फुटांवरून सोडायचा, आणि नळी एक फूट आत जाईपर्यंत किती ठोके पडले ते मोठ्याने मोजायचं. बस्स, एवढंच माझं काम. माझं लक्ष रस्त्यावर गेलं. कोणाकडे गेलं ते तू पुढे महिनाभर सगळ्यांना सांगत होतास. तू विचारलंस, "किती?" मी म्हटलं, "चौदा, नाहीतर पंधरा." तू म्हणालास, "नाहीतर? नाहीतर म्हणजे काय रे? जमिनीला काय नाहीतर म्हणून सांगणार?" आणि सगळे पाइप बाहेर काढायला लावलेस. टोळी कुरकुरत होती, ऊन डोक्यावर आलं होतं. एक मीटर बाजूला सरकून तू नव्याने बोअर घेतलास. एका ठोक्यासाठी! त्या दिवशी मी ठरवलं होतं की आयुष्यात काही झालो तर या माणसासारखा होणार.

तोच माणूस तेरा नंबर पुढे जाऊन असं करतो, हे मला पचत नाही. तुझ्यावर रागावता येतं. पण त्या सहा नंबरवाल्या दादाचं मी काय करू?

आता मीही सांगतो. तुझ्याकडूनच सगळं वदवून घ्यायचं आणि स्वतः मूग गिळून बसायचं, हे बरोबर नाही.

एक. एकोणीस नंबरच्या संध्याकाळी ट्रकच्या ताडपत्रीखाली मला नवा कोरा वायररोप दिसला होता. वेटोळं तसंच, सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं. मी दोन बस बदलून तसलाच दुसरा घेऊन आलो होतो. मला तेव्हाच कळलं की मला मुद्दाम कटवलं होतं. तरी सही केली. तू दादा होतास आणि मला भूक लागली होती.

दोन. तळ्याच्या गल्लीतला बाबांचा प्लॉट नकाशा हिरवा आल्यावर तू भाऊजींना विकलास, आणि अर्धा वाटा मला दिलास. मी घेतला. मोटारसायकल आणली आणि तिच्यावर बसूनच गाव सोडलं.

तीन. प्लॉट घ्यायच्या आधी ताईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं. "बाबा म्हणायचे तिथे गाळ आहे. तू तर तिथे मोजलंयस ना रे? खरं सांग, तू सांगशील तर मी घेते." आणि मी मोटारसायकलीच्या नादात छाती काढून म्हणालो, "ताई, सत्तावीस ठोके. मी स्वतः मोजलेत. डोळे मिटून घे." तिने घेतला. तिने कागदावर विश्वास नाही ठेवला दादा, माझ्यावर ठेवला. तेव्हा तू एकटा नाहीस. पण तुझ्यामुळे मी तुझ्यासारखा झालो, हे मी तुला माफ करणार नाही.

आता भाऊजी दुसरा मजला चढवतायत. हिरव्या पट्ट्यात तीन मजल्यांची परवानगी आहे ना. खाली सगळा गाळा मोकळा, चार बारीक खांबांवर. २८ मार्चला स्लॅब पडणार असं भाची सांगत होती. तिला वर खोली मिळणार आहे, तिने भिंतीचा रंगसुद्धा ठरवलाय.

"आळस होता का?" म्हणून मी विचारलं होतं. त्याचं उत्तर तू दिलं नाहीस, पण ते मला काल मशीन मागे घेताना आपोआप सापडलं. ड्रायव्हर ओरडला, "अरे, गाडीला आठ फूट लागतात, भिंत बघ!" आणि मला तुझी भिंत दिसली. गल्लीच्या तोंडाची, तुझ्या कुंपणाची. ती आपण दोघांनी एका रविवारी बांधली. वहिनींच्या धुण्याच्या दगडाला जागा हवी होती. दोरी मी धरली होती. तू म्हणालास, "सरक अजून थोडा बाहेर. अजून. कोण मोजतंय?" दीड फूट गल्लीत आली ती. आठ फुटांची गल्ली साडेसहा फुटांची झाली.

मशीन आत जाणार नव्हतं. ऑफिसला कळवलं असतंस तर त्यांनी नगरपालिकेचा माणूस पाठवला असता, आणि त्याने आधी तुझी भिंत पाडायला लावली असती. म्हणून बोअरच शाळेत नेलास.

धुण्याच्या एका दगडासाठी! मला वाटलं होतं, निदान काहीतरी मोठं कारण असेल.

ताईला तू सांग. तुला आठ दिवस देतो. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि बाईंनाही सांगेन. आत जायचं तर जाईन. चहा कुठेही मिळतो.


१२ मार्च

दादा,

आठ दिवस होऊन गेले. सांगितलं मी.

बाई जेवणाचा डबा उघडत होत्या. मी दारातच म्हटलं, "बाई, एकोणीस नंबर मी मोजलेला नाही. मी तिथे नव्हतोच. सही माझी आहे. आणि भाची उड्या मारत नव्हती, शाळेत होती." एका दमात. दम घेतला असता तर परत फिरलो असतो.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मग मोजले कोणी?"

"नळी शाळेच्या आवारात उतरली होती. पेटीत पाटीची पेन्सिल आहे. बाकीचं मुकादमांना विचारा."

"मुकादम तुमचे कोण?"

"भाऊ."

मला वाटलं आरडाओरडा करतील. तो परवडला असता. त्या उठल्या, गोदामात गेल्या, स्वतः पेटी उघडून तुकडा पाहिला, परत आल्या. म्हणाल्या, "यंत्र खरं बोलत होतं, आणि मी ते काढून आणलं. तुमच्या सहीवर." मग संगणकावर आपल्या गावाचा नकाशा उघडला आणि तळ्याच्या गल्लीतला हिरवा रंग पुसून टाकला. लाल नाही केला. पांढरा ठेवला. मी विचारलं, "लाल का नाही?" तर म्हणाल्या, "लाल म्हणायलासुद्धा मोजावं लागतं. सध्या मला माहीत नाही, एवढंच खरं आहे." सगळ्या गावाच्या मधोमध तो पांढरा डाग, पडलेल्या दातासारखा.

मला मोजणीवरून काढलं. आता रोजावर पेट्या उचलतो. चौकशी होईल, तुलाही कागद येईल. काकांनी काही विचारलं नाही, फक्त माझ्या चहात आज साखर जास्त घातली होती.

ताईला फोन केला. सगळं सांगितलं, वायररोपासकट. ती ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "दादा असं करू शकतो, ते माझ्या ध्यानात येतं. तो पहिल्यापासून दुसऱ्याच्या हद्दीत पाय पसरतो. पण मी तुला विचारलं होतं रे. तुला वेगळं बोलावून विचारलं होतं." आणि फोन भाऊजींकडे दिला. भाऊजींनी जे ऐकवलं ते लिहीत नाही, अर्धं तुझ्यासाठी होतं, ते तुझं तू ऐकशीलच. शेवटी म्हणाले, "सळया बांधून तयार आहेत. सिमेंट येऊन पडलंय. कोण म्हणतं गाळ आहे, कोण म्हणतं दगड आहे, तुम्हा भावांवर मी आता कशाला विश्वास ठेवू? मशीन आणा, माझ्या डोळ्यांसमोर मोजा. अठ्ठावीसपर्यंत थांबतो. मशीन नाही आलं तर स्लॅब पडणार म्हणजे पडणार."

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी चार फोन केले. एक मशीन शेजारच्या गावाला चाललंय, ते २५ तारखेला एक दिवस आपल्याकडे वळवतायत. एकच दिवस. त्यानंतर ते वर्षभर त्या भागात येणार नाही. नगरपालिकेकडून भिंतीची नोटीस काढायची तर दोन महिने जातात, तेही त्यांनी विचारून पाहिलं. म्हणजे गल्लीत मशीन शिरणार की तोंडाशी येऊन परत जाणार, हे आता तुझ्या हातात आहे.

मी बाईंना विचारलं, तीन-चार ठोके निघाले तर ताईचं घर पाडायला लागेल का? त्या म्हणाल्या, नाही. वरचा मजला विसरायचा, खालचे खांब जाड करायचे, मोकळ्या गाळ्यात दोन ठिकाणी भिंती भरायच्या. घर टिकू शकतं. आधी कळलं तर टिकू शकतं.

आधी कळलं तर, दादा. बाईंचं सगळं काम एवढ्यासाठीच चाललंय. त्या चाळीस गावांच्या पेट्या, ती कासवं, ते रंग. आणि आपण दोघांनी त्यात काय घातलं?


१८ मार्च

दादा,

वहिनींचा फोन आला होता. या खेपेला मागे खोकला नव्हता, तू खरंच बाहेर होतास वाटतं. त्या म्हणाल्या, दोन दिवस तू भिंतीपाशी खुर्ची टाकून बसतोस. जेवायला बोलावलं तर म्हणतोस, "ही बांधताना तो दोरी धरून उन्हात उभा होता." वहिनी म्हणाल्या, मऊ पडलायस. मला नाही वाटत. त्यांनीच पुढे सांगितलं की तू म्हणालास, "पाडा म्हणणं सोपं आहे. पाडायचे आणि परत बांधायचे पैसे काय तो देणार आहे?"

हे तुझं बोलणं मात्र ओळखीचं वाटलं.

तू ताईकडे गेला नाहीस. अजून गेला नाहीस. तुमच्या दोघांच्या घरांत दीडशे पावलं आहेत, मी मोजली आहेत, आणि ही मी खरोखर मोजली आहेत. मला वाटलं होतं माझ्यावर राग काढायला तरी जाशील. तू मला सहीच्या मागे उभं केलंस, ते एकवेळ समजलो, मी तुझ्या हाताखालचा होतो. पण ती तुझ्या डोळ्यांसमोर रोज सळया बांधून घेत होती आणि तू रोज तिच्याकडे चहाला जात होतास. आपल्या घरात चहा फार झाला, दादा.

माफीचं पत्र पाठवू नकोस. मला वाचायला वेळ लागतो, आणि ते खोटं निघालं तर तेवढा वेळ फुकट जाईल. उंबऱ्याचंही राहू दे. २५ तारखेला मी मशीनबरोबर येतोय, पेट्या उचलायला. बाईंनी परवानगी दिली. मोजणार दुसरा माणूस, मी लांब उभा राहणार. भाऊजी समोर खुर्ची टाकून बसणार आहेत. भाचीला मी सांगितलंय, शाळेतून लवकर ये आणि मोठ्याने मोज. तिने विचारलं, "मामा, किती यायला पाहिजेत?" मी म्हटलं, "जेवढे येतील तेवढे."

तू आलास तर ये. नाही आलास तरी चालेल. भिंत मात्र २४ च्या संध्याकाळी तिथे नको. परत बांधशील तेव्हा दोरी वहिनींना धरू दे, त्या दगडासाठी एवढं झालंय तर त्यांचाही हात लागू दे.

मोटारसायकल काल विकली. घेणारा पोरगा दोनदा फेरी मारून आला, आणि मी रस्त्याकडे पाठ करून उभा होतो. गवंड्याला विचारून घेतलंय, विटा जुन्याच वापरता येतील. पाडायला, राडारोडा उचलायला, आणि दीड फूट आत घेऊन नव्याने बांधायला, सगळं मिळून एकतीस हजार पाचशे पाठवतोय.